श्रीनिवास कुलकर्णी यांना शॉ पारितोषिक नेमके कशासाठी मिळाले?

खगोलशास्त्राचे २०२४ चे शॉ पारितोषिक प्रा. श्रीनिवास कुलकर्णी यांना मिळाले. त्या संदर्भात विचारण्यात आलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. बातम्यांतून 'कुरुंदवाडला जन्मलेले शास्त्रज्ञ' आणि 'सुधा मूर्ती यांचे बंधू' एवढेच समजले, पण त्यांनी नेमका कोणता शोध लावला ते कळले नाही. त्यांच्या नावावर पल्सार, तपकिरी बटू, गॅमा किरण स्फोट, सुपरनोव्हा असे एकमेकांशी संबंध नसलेले विषय दिसतात, मग त्यांचे मुख्य काम कोणते मानायचे? आणि या प्रकारच्या संशोधनात भारतातील विद्यार्थ्याला सहभागी होता येते का? क्षणिक खगोलीय घटनांची निरीक्षणे हेच माझेही कार्यक्षेत्र असल्यामुळे थोडे विस्ताराने उत्तर देत आहे.

पारितोषिकाच्या मानपत्रात मिलिसेकंद पल्सार, गॅमा किरण स्फोट, सुपरनोव्हा (ताऱ्यांचे महास्फोट) आणि इतर बदलत्या किंवा क्षणिक खगोलीय वस्तूंविषयीच्या शोधांचा उल्लेख आहे. त्याचबरोबर 'पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी' आणि तिच्यानंतर उभी राहिलेली 'झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी' या दोन आकाश-सर्वेक्षणांची कल्पना, उभारणी आणि नेतृत्व यांचाही गौरव त्यात आहे. म्हणजे पारितोषिक एका शोधासाठी दिलेले नाही. वरवर पाहता विस्कळीत वाटणाऱ्या या यादीत मला मात्र एक पक्के सूत्र दिसते. आकाशात जे बदलते, ते ज्या वेगाने बदलते त्या वेगाने पाहायचे. त्यासाठी उपलब्ध उपकरण अपुरे असेल तर त्या एका प्रश्नापुरते नवे उपकरण किंवा निरीक्षणाची नवी पद्धत तयार करायची. आणि त्या क्षेत्रात पुरेशी माणसे आली की आपण पुढच्या प्रश्नाकडे वळायचे, अशी त्यांच्या चार दशकांच्या कामाची रीत आहे. त्यांचे मुख्य काम कोणते, या प्रश्नाला माझे उत्तर ही रीतच आहे. ते का, हे त्यांच्या कामांकडे जरा जवळून पाहिल्यावरच पटेल.

चरित्राचा भाग थोडक्यात सांगतो. त्यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९५६ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे झाला. वडील शल्यचिकित्सक होते, घर कन्नड भाषक होते आणि शालेय शिक्षण हुबळीत झाले. त्यांनी १९७८ मध्ये आयआयटी दिल्लीतून पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून पीएच.डी. मिळवली. तिथे त्यांचे मार्गदर्शक कार्ल हाइल्स हे आपल्या आकाशगंगेतील हायड्रोजन वायूचे मोठे अभ्यासक होते, आणि कुलकर्णींचा प्रबंधही आंतरतारकीय वायूवरच होता. १९८५ मध्ये ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक येथे गेले, १९८७ पासून तिथे अध्यापक झाले आणि तिथेच राहिले. २००६ ते २०१८ या काळात ते कॅलटेकच्या प्रकाशीय वेधशाळांचे संचालक होते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा वॉटरमन पुरस्कार त्यांना १९९२ मध्ये आणि डॅन डेव्हिड पारितोषिक २०१७ मध्ये मिळाले. २००१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९८२ पर्यंत माहीत असलेल्या पल्सारांपैकी सर्वांत वेगाने फिरणारा पल्सार क्रॅब तेजोमेघातला होता. त्याचा आवर्तकाल ३३ मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) आहे, म्हणजे तो सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या मारतो. पल्सार म्हणजे सूर्यापेक्षा अधिक वस्तुमान जेमतेम वीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेला, फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ झोत प्रत्येक फेरीत आपल्यावरून जातो आणि आपल्याला स्पंद मिळतात. त्या काळी केंब्रिजच्या रेडिओ स्रोतांच्या सूचीत ४सी २१.५३ नावाचा एक विचित्र स्रोत होता. कमी वारंवारतेला तो फार प्रखर होता आणि वारंवारता वाढवली की झपाट्याने मंद होत असे, हे पल्सारचे लक्षण. शिवाय सूर्याकडून वाहणाऱ्या आयनीभूत वायूतून येताना त्याची तीव्रता लुकलुकत असे, म्हणजे तो आकाराने अतिशय छोटा असला पाहिजे. बर्कलीतील डॉन बॅकर यांना हा पल्सारच असावा असा दाट संशय होता, पण आधीच्या शोधांत एकही स्पंद सापडला नव्हता.

स्पंद न सापडण्याचे कारण निरीक्षणाच्या पद्धतीत होते. त्या वेळी पल्सार शोधण्याची यंत्रणा अनेक मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक नोंद घेत असे. स्पंद त्याहून जलद येत असतील तर एका नोंदीत अनेक स्पंद मिसळतात आणि हाती केवळ त्यांची सरासरी राहते. दुसरी अडचण अशी की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी जास्त वारंवारतेच्या लहरींपेक्षा उशिरा पोहोचतात. वारंवारतेचा पट्टा पुरेसा बारीक विभागला नाही तर या विलंबाने स्पंद पसरट होऊन पुसला जातो. नोव्हेंबर १९८२ मध्ये पोर्टो रिको येथील अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीवर जलद नोंदी घेऊन स्पंद शोधले गेले, तेव्हा आवर्तकाल निघाला १.५५८ मिलिसेकंद. हा तारा सेकंदाला ६४२ वेळा फिरतो. त्याच्या विषुववृत्तावरील बिंदूचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे तेरा टक्के भरतो. डिसेंबर १९८२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या निबंधावर बॅकर, कुलकर्णी, हाइल्स, डेव्हिस आणि गॉस यांची नावे आहेत. कुलकर्णी तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय पूर्णपणे वेगळा होता, ही बाब मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. सर्वांत वेगवान पल्सार हा मान या ताऱ्याकडे दोन दशकांहून अधिक काळ राहिला.

पल्सार तरुणपणी वेगाने फिरतो आणि वय वाढेल तसा मंदावतो, ही तोवरची समजूत होती. त्या हिशेबाने हा तारा नवजात असायला हवा होता, आणि नवजात असता तर त्याच्याभोवती सुपरनोव्हाचे अवशेष दिसायला हवे होते. ते दिसत नव्हते, आणि त्याचा वेग कमी होण्याचे प्रमाणही अत्यल्प निघाले. याचा अर्थ चुंबकीय क्षेत्र क्षीण आणि तारा म्हातारा. या कोड्याचे उत्तर त्याच महिन्यात दोन ठिकाणांहून आले. अल्पर, चेंग, रुडरमन आणि शाहम यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला, आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांचा निबंध 'करंट सायन्स'मध्ये आला. दोन्हींचा आशय एकच होता. हा न्यूट्रॉन तारा कधीकाळी एका जोडताऱ्यासोबत होता. त्या जोडीदाराकडून त्याच्यावर पडत राहिलेल्या वायूने त्याला पुन्हा गती दिली. मंदावलेल्या पल्सारला असे दुसरे आयुष्य मिळते, ही कल्पना आज पाठ्यपुस्तकात आहे. भारतातून भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाची आठवण या निमित्ताने ठेवली जावी असे मला मनापासून वाटते.

कुलकर्णींचे १९८६ मधले एक काम सामान्य वाचकांपर्यंत कधीच पोहोचत नाही, पण ते मला फार महत्त्वाचे वाटते. न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र काही दशलक्ष वर्षांत आपोआप नाहीसे होते, असे तेव्हा बहुतेकजण मानत. ते तपासायचे तर पल्सारचे वय स्वतंत्रपणे कळायला हवे. कुलकर्णींनी कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या दोनशे इंची दुर्बिणीने जोडीत फिरणाऱ्या पल्सारांचे जोडीदार दृश्य प्रकाशात शोधले. ते श्वेत बटू निघाले, म्हणजे इंधन संपून थंड होत चाललेले ताऱ्यांचे गाभे. श्वेत बटू किती थंड झाला आहे यावरून त्याचे वय काढता येते, आणि एका जोडीत ते अब्जाहून अधिक वर्षे भरले. तेवढ्या काळानंतरही शेजारच्या पल्सारचे चुंबकीय क्षेत्र शिल्लक होते. रेडिओ खगोलशास्त्रातला प्रश्न प्रकाशीय दुर्बिणीने सोडवायचा, हे त्या काळात सहज सुचणारे नव्हते, कारण रेडिओवाले आणि प्रकाशीय दुर्बिणींवर काम करणारे हे दोन वेगळे समाजच होते.

तपकिरी बटूचा शोध हा कुलकर्णींच्या पद्धतीचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे आठ टक्क्यांपेक्षा कमी वस्तुमानाच्या गोळ्यात हायड्रोजनचे संमीलन टिकून राहू शकत नाही. असे न पेटलेले तारे असले पाहिजेत, हे शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गणिताने दाखवले होते, आणि 'तपकिरी बटू' हे नाव १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी दिले. त्यानंतर अनेक दावे झाले आणि बरेचसे मागे घ्यावे लागले, कारण अतिमंद तारा आणि खरा तपकिरी बटू यांत फरक करणे अवघड होते.

कॅलटेक आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने निवडलेले साधन होते पालोमारवरची साठ इंची दुर्बीण. तेव्हाच्या मानानेही ती मोठी नव्हती. तिला जोडलेले उपकरण मात्र नेमके होते. वातावरणामुळे ताऱ्याची प्रतिमा सतत थरथरते. हे उपकरण एक छोटा आरसा वेगाने हलवून तो ठिपका जागेवर धरून ठेवत असे, आणि मग त्या तेजस्वी ठिपक्यावर एक झाकण धरून आजूबाजूचा मंद प्रकाश तपासत असे. सुमारे १९ प्रकाशवर्षांवरील ग्लीझ २२९ या तांबड्या ताऱ्याशेजारी ऑक्टोबर १९९४ मध्ये हजारो पटींनी मंद असा एक ठिपका दिसला. हा ठिपका मागच्या आकाशातला दूरचा तारा असू शकत होता. ग्लीझ २२९ जवळचा असल्यामुळे आकाशात दरवर्षी मोजता येईल इतका सरकतो. ठिपका खरोखर त्याचा जोडीदार असेल तर तोही तेवढाच सरकला पाहिजे. गटाने वर्षभर वाट पाहिली. ऑक्टोबर १९९५ मध्ये दोघे एकत्र सरकल्याचे दिसले, आणि दोनशे इंची दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात, म्हणजे रंगांनुसार वेगळ्या केलेल्या प्रकाशात, मिथेनच्या खुणा मिळाल्या. ताऱ्याच्या तापमानाला मिथेनचा रेणू टिकूच शकत नाही; तो गुरूसारख्या ग्रहाच्या वातावरणात सापडतो. या वस्तूचे तापमान हजार केल्विनच्या आसपास आहे, त्यामुळे ती तारा असण्याची शक्यता उरली नाही. नाकाजिमा, ओपनहायमर, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांचा निबंध ३० नोव्हेंबर १९९५ रोजी 'नेचर'मध्ये आला. त्याच ऑक्टोबरमध्ये इटलीतील फ्लोरेन्सच्या परिषदेत ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचीही घोषणा झाली होती. एकाच परिषदेत परग्रह आणि तपकिरी बटू या दोन्ही शोधांची घोषणा व्हावी, हा योग विलक्षणच म्हणायला हवा.

या कथेला अलीकडे एक सुंदर उत्तरार्ध मिळाला. ताऱ्याच्या हालचालीवरून या जोडीदाराचे वस्तुमान अचूक मोजले गेले तेव्हा ते गुरूच्या सुमारे ७० पट निघाले, आणि एवढ्या जड वस्तूने याहून बरेच तेजस्वी असायला हवे होते. सिद्धांत चुकतो आहे की मापन, हे काही वर्षे कळेना. २०२४ मध्ये स्पष्ट झाले की ग्लीझ २२९ बी ही मुळात एक वस्तू नाही. गुरूच्या अनुक्रमे सुमारे ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे दोन तपकिरी बटू तिथे बारा दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. १९९५ च्या निबंधातला निष्कर्ष त्यामुळे अधिकच भक्कम झाला, कारण दोघांचेही वस्तुमान ताऱ्याच्या सीमेच्या बरेच खाली आहे.

गॅमा किरण स्फोट म्हणजे आकाशातून अचानक येणारे गॅमा किरणांचे अल्पकालीन झोत. त्यांची पार्श्वभूमी अशी की अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी १९६७ मध्ये ते प्रथम नोंदवले आणि १९७३ मध्ये ते जाहीर झाले. पुढे वीस-पंचवीस वर्षे ते किती दूर आहेत, हेच ठरत नव्हते. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनला या प्रश्नावर जाहीर वाद झाला. बोहदान पाचिन्स्की यांचे म्हणणे होते की हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षांवर, दूरच्या दीर्घिकांत होतात. डोनाल्ड लॅम्ब यांच्या मते ते आपल्या आकाशगंगेच्या परिसरातले होते. दोन्ही बाजूंना विद्वान होते, आणि दोन्ही बाजूंकडे अंतराचे थेट मापन नव्हते.

इटली आणि नेदरलँड्स यांच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने १९९७ मध्ये ही कोंडी फोडली. स्फोटाची जागा काही तासांत बऱ्यापैकी अचूक सांगणे त्याला शक्य होते. ८ मे १९९७ च्या स्फोटानंतर त्या जागी मागे उरलेली, हळूहळू विझणारी प्रभा दृश्य प्रकाशात सापडली. कॅलटेकच्या गटाने ११ मे रोजी हवाईतील दहा मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीने तिचा वर्णपट घेतला. मेट्झगर, जॉर्गोव्स्की, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांना त्यात लोह आणि मॅग्नेशियमच्या शोषणरेषा ताम्रसृती ०.८३५ इतक्या, म्हणजे दूर अंतरामुळे वर्णपटाच्या तांबड्या बाजूकडे, सरकलेल्या आढळल्या. वाटेतला वायूच एवढा दूर असेल तर स्फोट किमान तेवढ्या अंतरावर किंवा त्याहून पलीकडे असणार, आणि त्या अंतरावरून प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला सुमारे सात अब्ज वर्षे लागतात. तीस वर्षांचा वाद एका वर्णपटाने मिटला.

त्याच स्फोटाचा रेडिओ भाग मला व्यक्तिशः अधिक आवडतो. डेल फ्रेल, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील व्हेरी लार्ज ॲरे या रेडिओ दुर्बीणसमूहाने या प्रभेचा पाठपुरावा केला, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे तिची तीव्रता जोरात चढउतार करत होती आणि नंतर ते चढउतार शमले. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, याचे कारण ग्रहाची चकती मोठी असते. येथे वातावरणाच्या जागी आंतरतारकीय वायू आहे एवढाच फरक. लुकलुकणे कधी थांबले यावरून स्रोत केव्हा किती मोठा झाला ते मोजता आले, आणि स्फोटातून निघालेले द्रव्य जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरत असल्याचा पुरावा मिळाला. ज्या लुकलुकण्याने पंधरा वर्षांपूर्वी ४सी २१.५३ चा लहान आकार सांगितला होता, तीच युक्ती पूर्णपणे वेगळ्या प्रश्नाला कामी आली. आंतरतारकीय वायूवर पीएच.डी. केलेल्या माणसाला ती सुचावी हेही स्वाभाविकच आहे.

पुढे जानेवारी १९९९ मधल्या एका स्फोटाची ऊर्जा सर्व दिशांना सारखी पसरली असे धरले तर ती संपूर्ण सूर्याच्या वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर केल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षाही जास्त भरत होती. त्यामुळे ऊर्जा अरुंद झोतातून बाहेर पडते, ही कल्पना गंभीरपणे स्वीकारली गेली.

२००० नंतर कुलकर्णींनी जे केले त्याला धाडस लागते, कारण यशस्वी शास्त्रज्ञ सहसा आपल्या विषयातच मोठा होत जातो. नोव्हा (श्वेत बटूच्या पृष्ठभागावरचा तुलनेने छोटा स्फोट) आणि सुपरनोव्हा यांच्या तेजस्वितेत मोठी दरी आहे. त्या दरीत काहीच घडत नाही, की आपण तिथे पुरेशा वेळा पाहिलेलेच नाही, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तरासाठी त्यांनी नवी दुर्बीण मागितली नाही. पालोमारवर १९४८ पासून असलेली ४८ इंची श्मिट दुर्बीण त्यांनी कामाला लावली. तिचे दृष्टिक्षेत्र मोठे असल्यामुळे ती शोध घेईल. साठ इंची दुर्बीण सापडलेल्या ठिपक्याचा पाठपुरावा करेल. आणि दोनशे इंची दुर्बीण वर्णपट घेईल, अशी साखळी २००९ मध्ये सुरू झाली. हीच पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी. 'फॅक्टरी' हे नाव तिला शोभून दिसते. २४ ऑगस्ट २०११ रोजी या साखळीने एम१०१ दीर्घिकेतला सुपरनोव्हा स्फोटानंतर अवघ्या काही तासांत पकडला. इतक्या लवकर मिळाल्यामुळे फुटलेला तारा श्वेत बटूच होता हे दाखवता आले. विश्वातील अंतरे मोजण्यासाठी ज्या प्रकारचे सुपरनोव्हा वापरतात, त्या प्रकाराचा हा स्फोट होता, म्हणून हे महत्त्वाचे.

झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी त्याच ४८ इंची दुर्बिणीवर मार्च २०१८ पासून सुरू आहे. तिचे नाव फ्रिट्झ झ्विकी यांच्यावरून ठेवले आहे. सुपरनोव्हातून न्यूट्रॉन तारा जन्मतो हे झ्विकी यांनी वॉल्टर बाडे यांच्यासोबत १९३४ मध्येच सुचवले होते, आणि पालोमारवर सुपरनोव्हांचा पद्धतशीर शोधही त्यांनीच सुरू केला. नव्या कॅमेऱ्यात सोळा मोठ्या सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिप, आहेत आणि एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश मावते, म्हणजे दोनशेहून अधिक पूर्णचंद्रांइतके. प्रत्येक छायाचित्र तीस सेकंदांचे असते. त्यातून जुने संदर्भचित्र वजा करायचे आणि जे उरते ते तपासायचे, असे हे काम आहे. एका रात्रीत बदलांच्या लाखो सूचना निघतात, त्यांतल्या खोट्या गाळण्यासाठी संगणकच लागतो, आणि सूचनांचा मोठा भाग काही मिनिटांत सर्वांसाठी खुला होतो.

या सर्वेक्षणातून सात मिनिटांत एकमेकांभोवती फिरणारे दोन श्वेत बटू सापडले, चंद्राच्या आकाराचा पण सूर्याहून जड असा श्वेत बटू सापडला, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात एक तारा आपल्या ग्रहाला गिळताना दिसला. माझ्या मते यातला सर्वांत दूरदृष्टीचा भाग मात्र साठ इंची दुर्बिणीवर बसवलेला एक लहान वर्णपटमापक आहे. तो मुद्दामच ढोबळ केला आहे. सुपरनोव्हाचा प्रकार ओळखायला बारीक वर्णपट लागत नाही, आणि ढोबळ वर्णपटाला प्रकाश व वेळ दोन्ही कमी लागतात. १९९४ मध्ये तपकिरी बटू दाखवणारी तीच साठ इंची दुर्बीण त्यामुळे आज हजारो सुपरनोव्हांचे वर्गीकरण करण्यात सहभागी आहे.

अशाच विचाराचे आणखी एक उदाहरण देतो. दूरच्या दीर्घिकांतून येणारे जलद रेडिओ स्फोट कशामुळे होतात हे कळण्यासाठी आपल्याच आकाशगंगेत असा एखादा स्फोट पकडायचा, असे कॅलटेकच्या गटाने ठरवले. तो इतका प्रखर असेल की त्याला मोठी दुर्बीण नको. जवळजवळ सर्व आकाश एकाच वेळी पाहणारी, बादलीएवढी साधी अँटेना पुरेल. 'स्टेअर-२' नावाने अशा अँटेना कॅलिफोर्नियात दोन आणि युटात एक अशा तीन जागी बसवल्या गेल्या, कारण पृथ्वीवरचा गोंगाट एका जागी ऐकू येतो आणि आकाशातला संकेत तिन्ही जागी ठरावीक कालांतराने पोहोचतो. २८ एप्रिल २०२० रोजी आपल्या आकाशगंगेतील एका मॅग्नेटारकडून, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून आलेला असा स्फोट कॅनडाच्या चाइम दुर्बिणीसोबत या अँटेनांनी नोंदवला. किमान काही जलद रेडिओ स्फोट मॅग्नेटारांतून होतात, हे त्यातून सिद्ध झाले. त्या निबंधाचे पहिले लेखक क्रिस्टोफर बोचेनेक तेव्हा विद्यार्थी होते.

शेवटचा प्रश्न भारतातून सहभागी होण्याचा. त्याचे उत्तर नि:संशय होकारार्थी आहे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी, म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण, पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते, आणि प्रस्ताव मंजूर झाला तर तिच्यावर कोणत्याही संस्थेतील संशोधकाला वेळ मिळतो. भारतीय पल्सार टायमिंग ॲरे हा गट तिच्या साहाय्याने मिलिसेकंद पल्सारांचे स्पंद वर्षानुवर्षे मोजत आहे, आणि त्याच्या यादीत १९८२ चा तो १.५५८ मिलिसेकंदांचा पल्सारही आहे. युरोपातील गटासोबत या भारतीय गटाने जून २०२३ मध्ये अतिमंद वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींची चिन्हे जाहीर केली. १९८२ पूर्वी असे घड्याळ म्हणून वापरता येणारे पल्सार माहीतच नव्हते.

प्रकाशीय बाजूला लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची ०.७ मीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे. ती ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा भाग म्हणून उभी राहिली, त्याचे नेतृत्व कॅलटेकमधील मानसी कासलीवाल यांनी केले. त्या कुलकर्णींच्याच विद्यार्थिनी, आणि नोव्हा-सुपरनोव्हामधल्या दरीवर त्यांचा प्रबंध आहे. ही दुर्बीण आकाराने लहान असली तरी तिची जागा मोलाची आहे. पालोमारला उजाडते तेव्हा हानलेत रात्र होत असते, त्यामुळे तिथे नुकत्याच सापडलेल्या स्फोटाचे पुढचे काही तास भारतातूनच पाहता येतात. विझत जाणाऱ्या प्रभेसाठी हेच तास निर्णायक असतात. विद्यार्थ्यांनी 'लासेर' किंवा 'फिंक' यांसारख्या खुल्या सेवांतून झ्विकी सर्वेक्षणाच्या सूचना पाहायला आजच सुरुवात करावी, पायथन ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्र नीट शिकावे, आणि एखाद्या वस्तूचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेज कसे बदलते याचा आलेख, स्वतः काढून तो कशाचा असू शकेल याचा तर्क करावा. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या सूचनाही याच प्रकारच्या सेवांमधून वाटण्याची व्यवस्था आहे. त्यांची संख्या इतकी मोठी असेल की पाठपुराव्यासाठी एक मीटरच्या आसपासच्या दुर्बिणींची आणि त्या चालवणाऱ्या जाणकार माणसांची गरज आजच्यापेक्षा वाढणार आहे.